मनाली ते लेह सायकलवर: निघण्याआधी हमखास विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की आमचे फोन वाजायला लागतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: सायकल कोणती घेऊ? आमच्या लेखी तो आठवा-नववा प्रश्न आहे, म्हणून इथला क्रम आम्ही आमच्या मनाने लावला आहे. घाईत असाल तर विरळ हवेबद्दलची उत्तरं तरी वाचाच. पंक्चर कसं काढायचं हे तुम्ही वाटेतही शिकाल, हवेचं मात्र घरूनच समजून आलेलं बरं.

एकूण किती किलोमीटर आणि किती दिवस?

रोहतांगमार्गे सुमारे ४७५ किमी. मनालीत पोहोचल्यापासून लेहहून विमानात बसेपर्यंत सोळा दिवस धरा. त्यातले अकरा दिवस आपण लेहच्या दिशेने सायकल चालवतो.

मुक्काम असे: मनालीत दोन रात्री (दुसऱ्या दिवशी नग्गरपर्यंत हलकी फेरी), मग मढी, सिस्सू, जिस्पा. जिस्पाला एक पूर्ण दिवस विश्रांती. पुढे पत्सेओ, झिंगझिंगबार, सरचू, व्हिस्की नाला, पांग, डेब्रिंग, रुमत्से आणि लेह. शेवटी अंगात जोर उरला असेल त्यांच्यासाठी खारदुंग ला ('ला' म्हणजे खिंड), नसेल त्यांच्यासाठी लेहच्या बाजारातले जर्दाळू.

हिशेब केला तर दिवसाला पन्नास किमीसुद्धा होत नाहीत. आम्ही रविवारी पुणे-लोणावळा-पुणे सहज मारतो. इतका हळू कार्यक्रम कशाला?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि बहुतेकदा गटातल्या सर्वांत तगड्या माणसाकडून येतो.

जिस्पा ३,३०० मीटरच्या आसपास आहे आणि सरचू सुमारे ४,२९०. पायात दम असेल तर हे अंतर दोन दिवसांत सहज निघतं. पण झोपायची उंची एकदम हजार मीटरने वाढली तर शरीराला ते झेपत नाही. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर आजच्या रात्रीपेक्षा उद्याची रात्र ५०० मीटरहून जास्त उंच नसावी आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा जगभरातल्या डोंगरांत पाळला जाणारा नियम आहे. म्हणून आम्ही मध्ये पत्सेओला, म्हणजे ३,८०० च्या आसपास, एक रात्र घालतो. जिस्पा ते पत्सेओ जेमतेम वीस-बावीस किमी. लोक अकराच्या सुमारास तंबूत पोहोचतात आणि आमच्याकडे असे बघतात की आम्ही पैसे उकळतोय. दुसऱ्या दिवशी झिंगझिंगबार, तेही जवळच. तिसऱ्या दिवशी बारालाचा ला ओलांडताना मात्र कुणी तक्रार करत नाही.

हे शहाणपण आम्हाला फुकट मिळालेलं नाही. हे लिहिणारा पहिल्यांदा गेला तेव्हा जिस्पाहून एका दमात सरचू गाठलं होतं. वाटेत दोन ट्रक मागे टाकले याचाच अभिमान. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं. कुणाला सांगितलं नाही, कारण दिवसभर सगळ्यांत पुढे मीच होतो. रात्री तंबूबाहेर तीनदा उलटी झाली आणि पहाटे शेजारच्याने ओढत गाडीत बसवून जिस्पाला खाली आणलं. सायकल मागून आली. त्या सहलीत माझं लेह राहिलं.

विरळ हवा म्हणजे नेमकं काय? ऑक्सिजन कमी असतो म्हणजे किती?

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही तेवढंच, साधारण २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. ५,३०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास येतो. म्हणजे एका श्वासात पनवेलला जेवढा ऑक्सिजन आत जातो, त्याच्या निम्माच या वाटेवरच्या सर्वांत उंच टांगलांग लावर जातो.

आपल्या राज्यात याची सवय करायला जागाच नाही. सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. मनालीचा बाजारच २,०५० मीटरवर आहे, म्हणजे तिथल्या चहाच्या टपरीवर बसलात तरी तुम्ही कळसूबाईच्या माथ्याहून चारशे मीटर वर आहात. तेव्हा 'घरी उंचीचा सराव कसा करू' याचं उत्तर 'करता येत नाही' हेच आहे. तोंडावर दाबून बांधायचे ते मास्क श्वासाचे स्नायू थोडे दमवतात, उंचीची सवय लावत नाहीत.

त्रास व्हायला लागला हे कसं ओळखायचं?

डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक मरणं, गरगरणं, कमालीचा थकवा किंवा झोप न लागणं यातलं काही असेल तर ती उंचीचीच बाधा समजायची. 'उन्हाने असेल', 'काल राजमा जड गेला' ही कारणं आम्ही ऐकून घेत नाही. सौम्य त्रास असेल तर आहे त्याच उंचीवर थांबायचं, वर जायचं नाही. वाढत असेल तर खाली.

दोन गोष्टींत मात्र सकाळची वाटसुद्धा बघायची नसते. बसल्या जागी धाप लागणं, छातीत घरघर, खोकल्यातून फेस येणं, म्हणजे फुप्फुसात पाणी होतंय. आणि चाल अडखळणं, बोलण्यात विसंगती, सरळ रेषेवर टाच-बोट लावून चालता न येणं, म्हणजे मेंदूला सूज येतेय. दोन्ही जिवावर बेततात, दोन्हींवर खरा इलाज एकच: ताबडतोब खाली उतरवणं. ऑक्सिजन सिलिंडर आपल्या गाडीत असतो, पण तो उतरेपर्यंत तग धरण्यासाठी.

रोज संध्याकाळी आम्ही प्रत्येकाला चार प्रश्न विचारतो आणि बोटाला ऑक्सिमीटर लावतो. सरचूला आकडा ऐंशीच्या घरात दिसला तर हबकू नका, तिथे बऱ्याच जणांचा तसाच असतो. आम्ही आकड्यापेक्षा माणसाकडे बघतो. जेवला का, बोलतोय का, चेष्टेला उत्तर देतोय का.

डायमॉक्स घ्यायची का?

तुमच्या डॉक्टरांना विचारून. अॅसिटाझोलामाइड हे तिचं औषधी नाव, आणि ती शरीराला उंचीची सवय लवकर व्हायला मदत करते, हे सिद्ध झालेलं आहे. प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं आणि सोडा पाण्यासारखा लागतो. सल्फाची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. घ्यायची ठरली तर घरी दोन दिवस घेऊन बघा, म्हणजे पहिल्या मुंग्या रोहतांगवर येणार नाहीत. आणि गोळी घेतली म्हणून वेळापत्रक आटोपतं घेता येत नाही.

कापूर?

आला का हा प्रश्न! भीमसेनी कापराची पुरचुंडी गळ्यात बांधून येणारे दर गटात दोघे-तिघे असतात, बहुधा आईने दिलेली. वासाने चोंदलेलं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, बरं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. बांधा, आईला बरं वाटेल, पण डोकं दुखलं तर कापूर हुंगत बसू नका, आम्हाला सांगा. दुकानात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे डबेही काही मिनिटांत संपतात. लसणाचं सूप मात्र जरूर प्या. थंडीत ते सूप म्हणूनच उत्तम लागतं.

माझं वय ५२ आहे. चालेल?

चालेल. आमच्याकडे पन्नाशीतले लोक तिशीतल्यांपेक्षा कमी आजारी पडतात, कारण ते ऐकतात. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाकडून आम्ही ईसीजी आणि ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट मागतो. रक्तदाब, मधुमेह, दमा, थायरॉइड यातलं काही असेल तर लपवू नका. नियंत्रणात असलेला रक्तदाब किंवा दमा म्हणजे नकार असं नाही. हृदयविकाराचा इतिहास, फुप्फुसाचा जुना आजार, अलीकडचा न्यूमोनिया किंवा गर्भारपण असेल तर आम्ही नाही म्हणतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते आधी भरून काढा, आणि निघण्याआधीच्या दोन महिन्यांत रक्तदान करू नका. पुण्यकर्म आहे, परतल्यावर करा.

तयारी किती आधीपासून, आणि कशी?

नियमित सायकल चालवणाऱ्याला चार महिने पुरतात. रोज सोसायटीच्या गेटपर्यंत चालवणाऱ्याला आठ लागतील.

आठवड्यातून तीन फेऱ्या सायकलवर, दोन दिवस मांड्या, कंबर आणि पोटाचे व्यायाम. तीन फेऱ्यांपैकी एक लांब आणि संथ, एक घाटाची, एक जमेल तशी. वेगाची कसोटी सोपी आहे: शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर तुम्ही जास्त जोरात जाताय. पुण्या-मुंबईतल्या ग्रुपमध्ये हे पाळणं फार अवघड जातं, कारण स्ट्राव्हावर सगळे एकमेकांचे वेळ बघत असतात. या चार महिन्यांसाठी ते अॅप फोनमधून काढून टाका असं आम्ही गंभीरपणे सुचवतो.

घाट कोणता? तुमच्या जवळचा. पुणेकरांना सिंहगड आहेच, पायथ्यापासून सुमारे नऊ किमीचा चढ. ठाणेकरांना रोजच्यासाठी येऊर आणि सुट्टीला माळशेज किंवा कसारा. सातारकर यवतेश्वरवरून कासला जातात, वाईकरांना पसरणी, कोल्हापूरकरांना पन्हाळा, गोव्याकडच्यांना चोर्ला. दुबईतून येणारे मराठी सायकलस्वार जेबेल जैसवर सराव करतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचा चढ आपल्यापेक्षा लांब असतो.

शेवटच्या सहा आठवड्यांत शनिवार-रविवार सलग बसा. शनिवारी सिंहगड दोनदा, रविवारी अंग दुखत असतानाच पन्नास-साठ किमी. पायांइतकाच हा तुमच्या बैठकीचाही सराव आहे. लेहच्या वाटेवर पाचव्या दिवशी जे दुखतं ते बहुतेकांच्या मांड्यांत नसतं.

पावसाचं कारण चालत नाही. जून-जुलैचा सराव भिजतच होणार, आणि भिजलेल्या हातांनी ब्रेक लावायची, ट्यूब बदलायची सवय पुढे फार उपयोगी पडते. फक्त पावसातल्या चिखलाने ब्रेक पॅड भराभर झिजतात, तेव्हा निघण्याआधी नवे घाला.

आता तरी सांगा, सायकल कोणती?

पुढे सस्पेन्शन, मागे नाही, अशी साधी हार्डटेल एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक. डिस्क ब्रेक, शक्यतो हायड्रॉलिक. टायर २.१ ते २.२५ इंच. महत्त्वाचे आहेत गिअर. पुढे एकच चकती असेल तर ३० किंवा ३२ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी चकती ४६ ते ५१ ची हवी. पुढे तीन चकत्या असतील तर सर्वांत लहान २२ किंवा २४ ची. घरच्या घाटात 'इतका हलका गिअर कोण वापरतो' असं वाटेल. टांगलांग लाच्या शेवटच्या पाच किमीत अजून एक हलका असता तर, असं वाटेल.

दोन लाखांची सायकल लागत नाही. तुमच्या मापाची, तुम्ही हजार-दीड हजार किमी चालवलेली सायकल हवी. निघण्याच्या आठवड्यात नवी सायकल किंवा नवं सॅडल घेणाऱ्यांना आम्ही हात जोडतो.

रस्ता तर बराचसा डांबरी झालाय म्हणे. मग एमटीबी कशाला? रोड बाइक आणू?

बराचसा झालाय, हे खरं. सीमा सडक संघटनेने, म्हणजे बीआरओने, गेल्या काही वर्षांत मोरे मैदानासारखे पट्टे गुळगुळीत केलेत. पण जिथे बर्फ वितळून नाले रस्त्यावरून वाहतात तिथलं डांबर दर उन्हाळ्यात वाहून जातं आणि उरतात गोटे. कुठे रुंदीकरण, कुठे दरड, कुठे घोट्यापर्यंत धूळ. एका दिवसात तीस किमी लोण्यासारखा रस्ता आणि चार किमी नदीचं पात्र, असं असतं. ते चार किमी रोड बाइकवर ढकलत जावं लागतं.

रस्ता फारच सोपा वाटू लागलेल्यांसाठी दार्चाहून फुटणारी शिंकू लाची वाट आहे. ५,०९१ मीटरचा घाट ओलांडून झंस्कारमध्ये पदुमला आणि तिथून निम्मूला. तिथे एमटीबीचा कस लागतो. ती आमची वेगळी सहल आहे, आणि आधी ही केलेल्यांनाच आम्ही तिकडे नेतो.

अटल बोगद्याने का नाही जायचं? वेळ वाचेल.

वेळ वाचवायचाच नाहीये. ९ किमीचा तो बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला आणि रोहतांगच्या ३,९७८ मीटरला बगल देऊन गाड्या थेट लाहौलमध्ये उतरू लागल्या. सायकलस्वारांचं भलंच झालं: लेहला जाणारे ट्रक बोगद्यात गेले आणि जुना घाट पूर्वीच्या मानाने शांत झाला. आपण मढीला झोपून, दुसऱ्या दिवशी रोहतांग चढून पलीकडे सिस्सूला उतरतो. वर चढून खाली झोपायला येणं हा शरीरासाठी उत्तम सराव असतो. शिवाय माथ्यावर मागे हिरवंगार कुलू आणि पुढे उघडंबोडकं लाहौल एकाच वेळी दिसतं, ते बोगद्यातून कसं दिसणार?

कोणत्या महिन्यात? गणपतीच्या आधी परत येऊ ना?

तारखा रस्ता ठरवतो, पंचांग नाही. बर्फ काढून रस्ता साधारण मे-जूनमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरच्या पुढे भरवसा नसतो. सप्टेंबर उतरणीला लागला की सरचूचे तंबू गुंडाळले जातात. जुलै-ऑगस्टमध्ये मनालीच्या बाजूला पाऊस आणि दरडी. जुलै २०२३ मध्ये बियासच्या पुराने कुलू-मनालीचा रस्ता ठिकठिकाणी तुटला होता. रोहतांगपलीकडे पाऊस कमी, पण बर्फ जोरात वितळत असल्याने नाले फुगलेले. ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ आम्हाला सर्वांत आवडतो: आकाश स्वच्छ, नाले उतरलेले, रात्री मात्र गोठवणाऱ्या.

आणि नेमके तेव्हाच गणपती. काही वर्षी जमतं, काही वर्षी नाही. एका वर्षी पांगच्या ढाब्यात मोदकांऐवजी मोमो ठेवून आरती झाली. ढाबेवाल्या अमालेंनी (लडाखीत आईंनी) झांजांच्या जागी दोन झाकणं आणून दिली.

चढ कसा चढायचा? काही युक्ती?

हलका गिअर, एकसारखी लय, श्वास जमेल तोवर नाकाने. उभं राहून पेडल मारू नका. ४,५०० मीटरच्या वर तसे वीस झटके मारलेत तर पुढची पाच मिनिटं हँडलवर डोकं टेकून उभं राहावं लागतं. पाण्याचा घोट घेतानासुद्धा दम लागतो, कारण तेवढा एक श्वास चुकतो. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून सांगतोय.

सरचूच्या पुढे गाटा लूप्स लागतात, २१ वळणं. खालून बघितलं तर भिंत वाटते, पण चढ इतका सौम्य आहे की अनेकांना हाच दिवस सर्वांत आवडतो. वाटेत पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसेल. बर्फात एकटा अडकून तहानेने मेलेल्या ट्रकच्या क्लीनरचं भूत तिथे पाणी मागतं, अशी गोष्ट आहे, म्हणून ड्रायव्हर बाटली ठेवून जातात. तुम्ही ठेवायची का हे तुमचं तुम्ही ठरवा. आमची विनंती एवढीच की रिकामी ठेवू नका.

लूप्स संपले की घाट संपला असं समजू नका. पुढे नकी ला, मग व्हिस्की नाल्याला मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी ५,०६५ मीटरचा लाचुलुंग ला. सर्वांत उंच टांगलांग ला, ५,३२८ मीटर, तो त्यानंतर.

उताराची भीती वाटते.

वाटू दे, चांगलं आहे. अपघात उतारावरच होतात. सॅडल थोडं खाली घ्या, वजन मागे, दोन बोटं कायम ब्रेकवर. ब्रेक दाबून धरून ठेवू नका, तापतात. दाबा, सोडा, दाबा. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. समोरून लष्कराचा ताफा आला तर थांबा, आणि थांबायचं ते डोंगराच्या बाजूला. दरीच्या बाजूला कधीही नाही, फोटोसाठीसुद्धा.

नाले सायकलवरून ओलांडायचे की उतरून?

घोट्याएवढं पाणी असेल तर चालवत, त्याहून जास्त असेल तर उतरून. सायकल आपल्या आणि प्रवाहाच्या मध्ये धरायची नाही, ती पाण्याने ढकलली जाऊन तुम्हालाच पाडते. ती उताराच्या बाजूला ठेवा. पायात सँडल हवेत, अनवाणी गेलात तर गोटे आणि थंडी मिळून पाय बधिर करतात. दुपारनंतर ऊन लागून वरचा बर्फ वितळतो आणि सकाळचा ओहोळ संध्याकाळी ओढा होतो. भल्या सकाळी निघण्याचा आमचा हट्ट त्यासाठीच आहे.

सपोर्ट गाडीत बसलं तर कमीपणा वाटतो.

वाटून घेऊ नका. गाडी त्यासाठीच मागे असते, आणि सर्वांत मागे आमचा एक जण सायकलवर असतोच. बारालाचाच्या वाऱ्यात तीन किमी गाडीत बसून दुसऱ्या दिवशी ताजेतवाने निघालेले लोक लेहला पोहोचतात. 'एक इंचही गाडीत नाही' असा पण केलेले लोक पांगला झोपून राहतात. गाडीत बसायला कोणी सांगितलं तर मात्र वाद घालू नका. तो निर्णय गाइडचा, आणि त्यावर अपील नाही.

खायला काय मिळतं? आम्ही शाकाहारी आहोत.

काही अडचण नाही. वाटेतल्या तंबूंतल्या ढाब्यांवर डाळ-भात, राजमा, पराठे, थुक्पा, मॅगी, आणि आपला स्वयंपाकी वेगळा. साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून डाळ-तांदूळ कुकरशिवाय शिजत नाहीत आणि चहा कितीही उकळला तरी कोमटच लागतो.

खरी अडचण भुकेची. वर भूक मरते आणि तेव्हाच शरीराला जास्त अन्न लागतं. म्हणून घरची आवडती चव बरोबर आणा. शेंगदाण्याची चिक्की, बेसनाचे किंवा डिंकाचे लाडू, खजूर, लिंबाचं लोणचं. मऊ भातावर मेतकूट आणि तूप हे सरचूला ज्याने खाल्लंय त्याला विचारा. प्रोटीन बार आणू नका असं नाही, पण थंडीत ते लाकडासारखे होतात.

पाणी दिवसाला चार लिटर तरी. त्यात एक-दोन बाटल्या ओआरएस. दारू आणि झोपेच्या गोळ्या लेहपर्यंत बंद.

कपडे?

दुपारी ऊन भाजतं, ढग आला की हुडहुडी, रात्री सरचूला पारा शून्याच्या आसपास. म्हणून एक जाड जाकीट आणण्यापेक्षा तीन पातळ थर आणा. पॅडेड शॉर्ट्स तीन (आत काहीही घालायचं नाही, हे दरवर्षी कुणाला तरी हळूच सांगावं लागतं), लांब बाह्यांच्या जर्सी, लोकरीचा किंवा थर्मल एक जोड, वारा-पाऊस अडवणारं जाकीट, पूर्ण बोटांचे हातमोजे दोन प्रकारचे, बफ (गळ्या-तोंडावर चढवायचं नळीसारखं कापड), कानटोपी. यूव्ही गॉगल आणि एसपीएफ ५० चं क्रीम यात काटकसर नको. नाकाचा शेंडा आणि ओठ आधी जळतात. सुती कपडे फक्त तंबूत. हेल्मेट नसेल तर सायकलला हात लावायचा नाही.

स्लीपिंग बॅग आम्ही देतो, आतलं अस्तर तुमचं.

सुटे भाग कोणते आणायचे?

गाडीत पंप, अवजारं, सामान्य ट्यूब, साखळीच्या कड्या असतात. तुमच्या सायकलपुरतं जे वेगळं असेल ते तुम्ही आणायचं: तुमच्या ब्रेकला बसणारे पॅडचे दोन जोड, डिरेलर हँगर, दोन ट्यूब, दोन-चार स्पोक. हँगर म्हणजे मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ज्याला लटकतो तो छोटा तुकडा, प्रत्येक सायकलचा वेगळा असतो. खिशात मावतो आणि तो तुटला तर तुमची सहल संपते. केलाँगच्या पुढे सायकलचं दुकान थेट लेहला.

सायकल मनालीपर्यंत कशी न्यायची?

बॉक्समध्ये घालून दिल्लीपर्यंत विमानाने किंवा रेल्वेने, पुढे आपल्या टेम्पोने. जवळच्या सायकलच्या दुकानात पुठ्ठ्याचा खोका मागा, बहुतेक देतात. पेडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. डिरेलर सोडवून आत बांधा, डिस्कच्या फटीत पुठ्ठ्याचा तुकडा घाला, नाहीतर चुकून ब्रेक दाबला गेला तर पॅड चिकटून बसतात. पॉवर बँक हातातल्या सामानात. गॅसची छोटी नळकांडी आणूच नका, सुरक्षा तपासणीत अडकतील.

मोबाइल, पैसे, चार्जिंग?

बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. जिस्पानंतर रेंजवर भिस्त ठेवू नका. घरी आधीच सांगून ठेवा की चार-पाच दिवस फोन आला नाही तर सगळं ठीक आहे असं समजायचं. रोख रक्कम मनालीत काढा. फोन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, थंडीत बॅटरी बसते.

महिलांसाठी वेगळं काही?

तंबू वेगळे, आणि गटात एक स्त्री गाइड किंवा मदतनीस असतेच. शौचालयाचा तंबू मुक्कामाला असतो. वाटेत मोरे मैदानासारखी चाळीस किमीची सपाटी लागते, तिथे झुडूपही नाही, म्हणून गाडीत आडोशाचं कापड ठेवलेलं असतं. संकोचाने पाणी कमी पिऊ नका, त्यानेच सर्वांत जास्त बायका आजारी पडतात. उंचीवर पाळी मागेपुढे होऊ शकते, तारीख नसली तरी सामान जवळ असू द्या. पाळी पुढे ढकलण्याच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी उंचीबद्दल बोलून घ्या. वापरलेले पॅड परत आणायचे, त्यासाठी पिशव्या देतो.

विमा लागतो का?

लागतो. पॉलिसी वाचताना तीन गोष्टी बघा: साहसी खेळ वगळलेत का, उंचीची मर्यादा किती मीटरची, आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च धरलाय का. अनेक पॉलिसींमध्ये मर्यादा चार-साडेचार हजार मीटरवर संपते, आणि आपली अर्धी सहल त्याच्या वर आहे.

खारदुंग ला जगातला सर्वांत उंच रस्ता आहे ना?

पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं. मोजलेली उंची ५,३५९ मीटर, म्हणजे जवळपास आठशे फुटांनी कमी. आता तर पूर्व लडाखमधल्या उमलिंग लाचा रस्ता त्याहून बराच वर जातो. तरीही लेहहून चाळीसेक किमी सलग चढून तिथे पोहोचल्यावर, फोटोच्या रांगेत मोटारीतून आलेली मंडळी तुम्हाला वाट करून देतात, ते सुख वेगळंच.

वाटेत भेटणाऱ्यांशी कसं वागायचं?

'जुले' म्हणा. त्यात नमस्कार, आभार आणि निरोप सगळं येतं. मणी भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची) आणि स्तूप आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जा. रस्त्यावर काम करणारे मजूर दिसतील, त्यातले कितीतरी झारखंडच्या दुमका भागातून आलेले असतात. चार महिने त्या धुळीत आणि डांबराच्या धुरात राहून ज्या रस्त्याबद्दल आपण कुरकुरतो तो तेच बांधतात. थांबून बोला, चिक्की वाटा. फोटो मात्र विचारून.

सगळं वाचलं. तरी मी तयार आहे की नाही हे कसं कळणार?

शनिवारी घाट दोनदा चढा, रात्री दहाच्या आत झोपा, रविवारी सकाळी सहाला पुन्हा सायकलवर बसा आणि तीन तास कुणालाही ओव्हरटेक न करता चालवा. तिसऱ्या तासालाही मागे राहण्याचा राग आला नाही, तर फॉर्म भरून पाठवा.